मंगोलियाचे मुचंडीकर सर

मुचंडीकर सरांनी गेल्या वर्षी अख्खा नोव्हेंबर महिना मासे खाल्ले नाहीत. तब्येत ठणठणीत होती. उपास नव्हता, नवस नव्हता, श्रावण तर कधीच संपला होता. कारण एवढंच, की त्या महिन्यात सर मंगोलिया होते आणि मंगोलियाला समुद्र नाही.

तुम्हाला वाटेल मी थट्टा करते. मी गणित शिकवते, थट्टेला मला वेळ नसतो. मी डोळ्यांनी बघितलंय. बुधवारची संध्याकाळ, गोव्याकडनं बांगडे आलेले, आणि आमची नेहमीची मासेवाली शेवंता. सर तिचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. तिनं एक बांगडा उचलून सरांच्या नाकासमोर धरला.

"बघा की सर, कसा तुकतुकीत हाय."

सरांनी बघितलं. आवंढा गिळलेला मला स्पष्ट दिसला.

"नको गं शेवंता. ह्या महिन्यात आम्हाला बंदर न्हाय."

"काय न्हाय?"

"बंदर. किनारा. शेजाऱ्यांच्या हातात हाय समदं."

शेवंतानं बांगडा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "टीचर, सरांचं डोस्कं बरं हाय न्हवं?"

"डोकं बरं आहे गं, परिषद जवळ आलीय," मी म्हटलं आणि माझे बांगडे घेतले. मी कुठलाच देश नव्हते.

ही परिषद काय भानगड आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही शेवंतासारखेच माझ्याकडं बघाल. बेळगावातली एक मोठी इंग्रजी शाळा दर डिसेंबरात ती भरवते. जगातल्या सगळ्या देशांची सभा भरते ना, तिची नक्कल. येणाऱ्या शाळांना एकेक देश वाटून देतात. देशाला दोन मुलं. पुढ्यात देशाच्या नावाची पाटी, गळ्यात ओळखपत्र, अंगात कोट, आणि दोन दिवस इंग्रजीतनं भांडण. भांडून झालं की एकत्र बसून ठराव लिहायचा, मग हात वर करून मतदान. मुलांना त्यातनं जग कळतं म्हणतात. कळत असेल.

आमची शाळा वडगावातली, मराठी माध्यमाची. आमच्या मुलांकडं कोट नाहीत. पण आमच्याकडं समाजशास्त्राचे भैरू मुचंडीकर सर आहेत आणि सरांचं म्हणणं असं, की कोट न घालता देश होता येतं. फक्त देश अंगात भिनला पाहिजे. मुलांच्या अंगात भिनायचा तर आधी मास्तरच्या अंगात भिनला पाहिजे. म्हणून चिठ्ठीत जो देश येईल तो सर महिनाभर होतात.

पहिल्या वर्षी नॉर्वे आला. भर दुपारी स्वेटर आणि मफलर घालून सर वर्गात. घामानं डबडबलेले. दुसऱ्या वर्षी जपान. तेव्हा येईल त्याला कमरेत वाकून नमस्कार. शिपायाला, फळ्याला, शाळेत आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांना. इन्स्पेक्टरसाहेब बिचारे खूश झाले, त्यांना वाटलं आपलाच मान. बसमध्ये चढताना सर कंडक्टरपुढं वाकले तर मागं रांग तुंबली. कंडक्टर कानडीत ओरडला, "मुंदे होग्री सर, मुंदे होग्री!" पुढं सरका म्हणाला तर सर परत त्यालाच वाकले.

देश बदलतो, पण बोलण्याची तऱ्हा बारा महिने तीच. सरांच्या रागाला पायऱ्या आहेत. चहात साखर कमी पडली की सर म्हणतात, "आम्ही चिंता व्यक्त करतो." चहा गार असेल तर "तीव्र चिंता." त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर "निषेध." आणि खडूची पेटी कुणी पळवली तर "तीव्र निषेध, नोंद घ्यावी." 'नोंद घ्यावी' हे त्यांचं आवडतं. स्टाफरूमच्या पंख्यालाही ते सांगतात, की बाबा रे, आज तू फिरला नाहीस, नोंद घ्यावी. एवढ्या वर्षांत ह्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. मी दिवसातनं चार वेळा ओरडते. माझा घसा बसतो, सरांची चिंता बसत नाही.

सर एकटे. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला ते विचारायचं तरी कसं? वडगावात एका विणकराच्या घरावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. खाली यंत्रमाग, दिवसभर खडखड खडखड. मी म्हटलं, "सर, ह्या आवाजात कसं राहता हो?" तर म्हणाले, "सोबत हाय की टीचर." मी हसले. तेव्हा मला वाटलं विनोद केला.

आता गंमत बघा. ज्या माणसानं स्वतःचं लग्न केलं नाही, त्याला आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांच्या बैठकीला बोलावणं असतं. तुमच्याकडची पद्धत मला माहीत नाही. आमच्याकडं लग्न ठरवायचं म्हणजे दोन्हीकडची माणसं सतरंजीवर समोरासमोर बसतात, बोलणी होतात, आणि जे ठरेल ते कागदावर उतरवतात. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, मानाचे फेटे किती आणि कुणाकुणाला. त्या कागदाला यादी म्हणायचं. यादीवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, सुपारी फुटली, की लग्न ठरलं. ही यादी लिहायला सर. अक्षर मोत्यासारखं, आणि माणूस कुठल्याच बाजूचा नाही.

माझ्या पुतण्याची यादी सरांनीच लिहिली. मुलगी जांबोटीकडची. बोलणी वाजंत्र्यावर येऊन अडली. आमचे आप्पा म्हणतात वाजंत्री मुलीकडच्यांनी आणायचं, त्यांचे अण्णा म्हणतात आमच्यात तसली रीत न्हाय. दोन्हीकडच्या मिशा ताठ. सरांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "सभा दहा मिनिटं तहकूब. समद्यांनी हात धुऊन यावं." अजून जेवण व्हायचं होतं, तरी सगळे मागं नळावर गेले. परत आले तेव्हा वाजंत्री अर्धं-अर्धं झालं होतं. आप्पा आणि अण्णा एकाच टॉवेलाला हात पुसत आत आले.

"ठराव सभेत होत न्हाय टीचर," सर मला नंतर म्हणाले, "ठराव नळावर होतोय. सभेत फकस्त वाचून दाखवायचा."

तर परिषदेची तयारी सर अशीच करून घेतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववीच्या वर्गात सतरंजी अंथरायची. एका बाजूला मुलीवाले, एका बाजूला मुलावाले. अध्यक्ष म्हणजे गावातला जाणता माणूस, ठराव म्हणजे यादी. नमुना म्हणून सर आपल्या जुन्या याद्यांच्या प्रती मुलांना वाटतात. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, तिथं सगळं इंग्रजीत, नियमाप्रमाणं चालतं. ही लग्नाची बोलणी काय कामाची?" सर म्हणाले, "माणसं तीच असत्यात वो. फकस्त तिथं कोट घालून रुसत्यात." आता ह्यावर काय बोलणार, कपाळ?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दोन वर्षं आमची मुलं परिषदेला गेली आणि दोन्ही वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून परत आली. नॉर्वे दोन दिवसांत एक शब्द बोलला नाही. जपान बोलला, पण 'मे आय गो टू टॉयलेट' एवढंच. कारण? कारण सर मुलंच तशी निवडतात. शाळेत वक्तृत्वात बक्षिसं घेणारी ढीगभर पोरं आहेत, पण सर वर्गातली सगळ्यांत घुमी पोर हुडकून काढतात आणि तिलाच बोलायला उभं करतात.

हेडसर वैतागले. गेल्या जुलैत सगळ्यांसमोर सांगितलं, "मुचंडीकर, हे शेवटचं. यंदा आपल्या मुलानं त्या सभेत उभं राहून तोंड उघडलं तर पुढं चालू. नाहीतर परिषद बंद. नुसती पाटी धरून बसायला मुलं पाठवायची असतील तर मी पाटीच पाठवतो."

सर म्हणाले, "नोंद घेतली."

आणि त्यांनी निवडल्या दोन मुली. एक लक्ष्मी. ही पोरगी झोपेतसुद्धा बोलत असणार. दुसरी सारिका. सारिका माझ्या वर्गात दोन वर्षं होती. गणितात शंभरातले शंभर आणि तोंडातनं अक्षर नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. सरांच्या खालीच राहते, घरमालकाची मुलगी. घरात चार माग. त्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, म्हणून ते घर हातांनी आणि डोळ्यांनी बोलतं. आई दोन बोटं दाखवते, पोरगी सुताच्या दोन कांड्या आणून देते. बाप भुवई उडवतो, पोरगी पाणी आणते. अशी वाढलेली ती, तिला कशाला हवेत शब्द?

म्हटलं, चला, लक्ष्मी बोलेल, सारिका लिहील. नामी जोडी. तर सर म्हणाले, "माईकवर सारिका. लक्ष्मी बाहेरचं बघंल."

माझा संयम सुटला. "अहो सर, तुमचं काय डोकं फिरलंय का? हेडसर काय म्हणाले ते ऐकलं ना? लक्ष्मीला उभी करा की! घडाघडा बोलेल ती."

"लक्ष्मी कुठंबी बोलंल टीचर. तिला परिषद कशाला पायजे?"

"आणि सारिका नाही बोलली तर? तीन वर्षांची तुमची धडपड पाण्यात जाईल."

"जाईल," सर म्हणाले. एवढंच. चिंता नाही, निषेध नाही. मी पाय आपटत निघून आले.

मग महिनाभर रोज संध्याकाळी त्या घरात मंगोलिया घुमायला लागला. विषय आला होता समुद्र नसलेल्या देशांना शेजाऱ्यांतनं वाट मिळण्याचा. सर मागांच्या खोलीच्या ह्या टोकाला, सारिका त्या टोकाला, मध्ये चारही माग चालू. सर कानामागं हात धरून उभे. तिनं बोलायचं, सरांना ऐकू आलं पाहिजे. "ह्यात ऐकू आलं तर सभागृहात येतंय," ही सरांची पद्धत. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. सारिकाचे ओठ हलत होते, बाकी काही नाही. सर तिकडनं ओरडत होते, "मंगोलिया, ऐकू येत न्हाय!" ओठ पुन्हा हलले. "मंगोलिया, तीव्र चिंता!"

अर्धा तास हे चाललं. शेवटी सारिकाच्या बापानं काय केलं असेल? उठला आणि एक माग बंद केला. पोरीकडं बघून भुवई उडवली. ती काहीतरी बोलली. मग त्यानं दुसरा बंद केला. चालत्या मागावर घर चालणारा माणूस तो. चौथा माग थांबला तेव्हा खोलीत एवढी शांतता झाली की मलाच कसंतरी झालं. आणि त्या शांततेत सारिकाचं अर्धं वाक्य ऐकू आलं, "...वुई हॅव नो सी." चिमणीएवढा आवाज. बाप लुंगीला हात पुसत सरांना म्हणाला, "काय म्हटली वो?" सर म्हणाले, "समुद्र न्हाय म्हटली." बाप म्हणाला, "खरं हाय की." आणि परत एकेक माग चालू केला.

बंद खोलीत हा आवाज, तर तीनशे माणसांत काय होणार?

परिषदेचा दिवस उजाडला. मी गेले, कारण मुलींबरोबर बाई पाहिजे असा नियम आहे. नाहीतर मी असले तमाशे बघायला जात नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. सभागृह केवढं मोठं! गार हवा, मऊ खुर्च्या, समोर व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बेंगळूरहून आलेला कॉलेजचा तरुण, काळा कोट, टाय. शिक्षकांनी मागच्या रांगेत बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही, असा दंडक. सर माझ्या शेजारी.

पहिला दिवस आमची पाटी गप्प. पण बाहेर लक्ष्मीनं कमाल केली. चहाच्या सुट्टीत बाकीच्या शाळांची मुलं बिस्किटं खात होती, आणि ही पिण्याच्या पाण्याच्या नळाशी उभी राहून एकेका देशाला गाठत होती. नेपाळ आला पाणी प्यायला, कोऱ्या कागदावर त्याची सही. बोलिव्हिया आला, त्याची सही. सरांनी शिकवलंच होतं ना, ठराव नळावर होतो म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंगोलियाच्या ठरावाच्या पाठीशी अकरा देशांच्या सह्या. सर नुसते माझ्याकडं बघून मान डोलवत होते. मीही डोलवली, नाईलाज होता.

ठराव सारिकानं रात्रीत सुंदर अक्षरात इंग्रजीत उतरवून आणला होता. तो अध्यक्षांकडं गेला आणि त्यांनी सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचायला घेतला. पहिली ओळ वाचताना ते अडखळले. परत वाचली. मी कपाळाला हात लावला. ठरावाच्या डोक्यावर कुलस्वामिनीचं नाव होतं. प्रसन्न वगैरे. पोरींनी ठरावाचा नमुना म्हणून सरांनी दिलेली यादी समोर ठेवली होती, आणि इमानी पोरी त्या, यादीतलं एकही कलम गाळलं नव्हतं! वाटेचा हक्क, जकातीची माफी, बंदराची देखभाल, सगळं व्यवस्थित. सहावं कलम, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या जेवणाची सोय यजमान देशानं करावी. सभागृहात खसखस पिकली. आणि मग सातवं. अध्यक्ष एकेक शब्द चाचपडत वाचत होते. मानाचे फेटे, दोन्ही पक्षांकडून पाच-पाच.

सगळं सभागृह फुटलं. पोरं टेबलं बडवायला लागली. कोट घातलेला एक मोठा देश तर खुर्चीतनं खाली घसरला हसून. मी मान खाली घातली. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि स्वतःचं हसू दाबत म्हणाले, "मंगोलियाच्या प्रतिनिधींनी सातव्या कलमाचा खुलासा करावा."

लक्ष्मी उठायला लागली. सारिकानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आणि उभी राहिली.

माईक समोर. बोलेना. पोरं अजून खिदळत होती. मी हळूच म्हटलं, "बोल गं बाई, बोल." दंडक गेला खड्ड्यात. सरांनी कानामागं हात धरला होता, घरी धरायचे तसा. एवढ्या लांबून तिला ते दिसलं की नाही, देव जाणे.

ती इंग्रजीत बोलली, मोडक्या इंग्रजीत. मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "आमच्या देशाला समुद्र नाही. आम्हाला वाट मागायला शेजाऱ्याच्या दारात जावं लागतं. वाट मागणारा भिकारी नसतो." हसणं थोडं कमी झालं. ती पुढं म्हणाली, "आमच्याकडं लग्न ठरवताना एक बाजू फेटे देते आणि दुसरी घेते. मग एखादा कमी पडला की माणसं रागानं उठून जातात. आमच्या सरांच्या यादीत दोन्हीकडून सारखे असतात. पाच-पाच. फेटा म्हणजे मान. लहान देशानं मोठ्याला द्यायचा, तसा मोठ्यानंही लहानाला द्यायचा. मग कुणी उठून जात नाही." आणि बसताना, अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत येईल अशा आवाजात म्हणाली, "नोंद घ्यावी." हे मात्र मराठीत.

कुणी हसलं नाही. मग व्यासपीठावरचे अध्यक्षच टाळ्या वाजवायला लागले आणि सगळं सभागृह वाजवायला लागलं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. ठरावाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. सातवं कलम अध्यक्षांनी 'परस्पर सन्मान' असं लिहून घेतलं आणि ठराव चांगला दणदणीत मतांनी पास झाला. हेडसरांनी दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षीचा अर्ज भरला. स्वतःहून.

पण ते नंतरचं. टाळ्या चालू असताना मी वळून बघितलं, "बघितलंत का सर," म्हणायला, तर शेजारची खुर्ची रिकामी. मला काही कळेना. सगळं सभागृह पोरीसाठी टाळ्या वाजवतंय आणि हा माणूस गेला कुठं? बाहेर आले. व्हरांड्यात नाहीत, चहाच्या टेबलाशी नाहीत. शेवटी सापडले गाड्या लावतात तिथं, माझ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे.

"अहो काय हे! पोरगी बोलली, तीन वर्षांनी तुमचा एक देश बोलला, आणि तुम्ही इथं स्कूटर बघताय होय? चला आत!"

सरांनी चष्मा काढला. डोळे लाल.

"पाच-पाच म्हटली न्हवं ती," सर म्हणाले. "टीचर, माझी बी यादी बसलती एकदा. निपाणीत. पस्तीस वर्षं झाली."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. मुलगी बघून झालेली, पसंत पडलेली. बैठक बसली. यादी अर्ध्यावर आलेली आणि मानाच्या फेट्यांवर बोलणं आलं. सरांकडच्यांना सात पाहिजे होते, मुलीकडचे पाच म्हणत होते. दोन फेटे, बाकी काही नाही. सरांचे चुलते तावातावानं उठले. मग वडील उठले. मग सगळेच.

"नवऱ्या मुलानं बैठकीत बोलायचं नसतंय, आमच्यात रीतच हाय तशी. मी बी उठलो. दारातनं भाईर पडताना आतनं आवाज आला. सैपाकघरातनं. 'चहा झालाय, घेऊन तरी जावा की.' तिचा आवाज. तेवढाच ऐकलोय मी तिचा, जन्मात. एवढी पुरुषमाणसं वो, आणि समदी संतापलेली. त्यात त्या पोरीनं तोंड उघडलं. आणि मी बीए, बीएड. मी चपला हुडकत हुतो."

मी विचारलं, "मग तिचं पुढं?"

"चिकोडीला दिली. बरं हाय म्हणत्यात. नातवंडं हायत."

आतनं पुन्हा टाळ्यांचा आवाज आला. इतक्या वर्षांची सोबत, आणि हा माणूस रोज माझ्या समोर बसून गार चहाची तीव्र चिंता करत होता, आणि मी हसत होते. माझी मलाच लाज वाटली. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सर, आणि तुम्ही बोलायचंच ठरवलं असतं, तर काय बोलला असता तेव्हा? एवढ्या माणसांत?"

सरांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर घातला.

"लई काय नव्हतं बोलायचं टीचर. तिनं चहा म्हटला की, 'बसतो,' म्हणायचं. तेवढंच."